सुटलेला ल

शिशाचे खिळे जुळवून वर्तमानपत्र छापायचे, तेव्हाची गोष्ट. छपाई झाली की सगळी अक्षरं सुटी होऊन आपापल्या खणात परतत. फक्त ब, द आणि ल दोऱ्याने बांधलेले राहत. हवामानात बदल, मंत्रिमंडळात बदल, धोरणात बदल. बातम्यांत रोज लागणारा शब्द पुन्हा पुन्हा कोण जुळवणार?

एकदा ल म्हणाला, "भागोजीकाका, मला सोडा ना. रोज बदल सांगतो, पण मी मात्र जागचा हललेलो नाही."

"वेडा आहेस!" ब खेकसला. "पहिलं पान सोडून कुठल्या कोपऱ्यात पडशील!"

खिळे जुळवणारा म्हातारा भागोजी हसला. त्याने दोरा सोडला, ल हळूच पुसून खणात ठेवला आणि त्याच्या जागी दुसरा ल बांधला.

दुसऱ्या दिवशी आतल्या पानावर, अगदी तळाशी एक ओळ आली: 'श्री. पोंक्षे यांना बऱ्याच वर्षांनी मुलगी झाली.' त्या 'मुलगी'च्या मधोमध आपला ल होता.

पोंक्ष्यांनी तेवढी ओळ कापून पाळण्याला लावली. उरलेला अंक, पहिल्या पानासकट, बाळाच्या दुपट्यांखाली फळीवर अंथरला.