कटोऱ्यातलं बिरडं

“पण बाबा, माशांच्या पिल्लांनी भरलेलं जाळं मी माझ्या डोळ्यांनी बघितलंय. मग तीच मासळी ताटात कशी घेऊ?”

दिलावरबाबा भाकरी मोडत होते. त्यांनी मानही वर केली नाही.

“नको घेऊस,” ते म्हणाले.

हर्षला तिथंच खाली बसली. भांडायची तयारी करून आलेल्या माणसाला समोरच्यानं एकदम हो म्हटलं, की मोठी पंचाईत होते.

खाडीच्या काठावर दिलावरबाबा फकिराची झोपडी होती. दिवसातून एकदा कोळीवाड्यात फिरायचं, दारोदारी मागायचं आणि कटोऱ्यात मिळेल ते आणून खायचं, एवढाच त्यांचा संसार. हर्षला त्याच कोळीवाड्यातली. शहरात राहून समुद्राचं शास्त्र शिकत होती. बारीक आसाच्या, म्हणजे बारीक भोकांच्या जाळ्यांनी दर्या कसा रिकामा होत चाललाय, हे तिनं बोटीवर उभं राहून पाहिलं आणि मासळी सोडली. तिचं म्हणणं खोटं नव्हतं, हे आधीच सांगून टाकतो.

“मग अडलंय कुठं?” बाबांनी विचारलं.

“आई बोलत नाही माझ्याशी.”

“का?”

“नारळी पुनवेनंतर आमची बोट पहिल्यांदा भरून आली. तो पहिला म्हावरा आमच्या घरात विकत नाहीत. शिजवून सगळ्यांनी एकत्र बसून खायचा. आईनं मला ताट वाढलं. मी ते बाजूला सारलं, आणि...”

“आणि?”

“एवढ्याशा कोलंबीपायी किती पिल्लं मेली, ते सगळ्यांसमोर सांगितलं. मग माझा डबा उघडला.”

“डब्यात काय होतं?”

“शहरातून आणलेले ओट्स... सुकामेवा.”

बाबांनी एक घास खाल्ला. सावकाश चावला.

“आई काय म्हणाली?”

“म्हणाली, ‘माझे हातचा जेवान पन तुला आता पाप झाला?’ बस, एवढंच. तेव्हापासून जेवायला ये म्हणत नाही. मी माझा डबा खाते, ती भिंतीकडे तोंड करून जेवते. उद्या मी परत चाललेय, बाबा.”

शास्त्र शिकलं म्हणून आईचा अबोला काही कमी लागत नाही.

“तुम्ही तिला समजवा. तुमचं ऐकेल ती.”

“काय समजावू?”

“की मी बरोबर आहे.”

“ते तिला ठाऊक आहे.”

“कशावरून?”

बाबांनी कटोरा तिच्यापुढे सरकवला. आत वालाचं बिरडं होतं, वर कोकमाचं आमसूल. वास नाकात गेला आणि हर्षला पुढे वाकली.

“हे... हे आमच्या घरचं!”

“हो.”

“पण घरात तर आज बांगड्याचं कालवण आहे.”

“जाळ्यात अडकून मेलेली कासवीण बघितली होती मी एकदा,” बाबा म्हणाले. “तेव्हापासून दर्यातलं काही घशाखाली उतरत नाही. तुझ्या आईच्या दारात पहिल्यांदा गेलो, तेव्हा ती कालवणच वाढायला लागली. मी म्हटलं, माय, हे मला जात नाही, दुसरं काही आहे का घरात? जाम चिडली. फकिराचे नखरे बघा, म्हणाली. मग भाकरीवर चटणी घातली. दुसऱ्या दिवशी गेलो तर चुलीवर बिरडं शिजत होतं.”

“ते कडेचं लहान टोप...”

“तेच.”

“मला वाटायचं, घरात कुणाचा तरी उपास असेल.”

हर्षला कटोऱ्याकडे बघत राहिली. ते टोप ती लहानपणापासून बघत आली होती, आणि ते कुणासाठी आहे हे तिनं कधी विचारलं नव्हतं. आता तिला आपली लाज वाटली. भूकही लागली होती, सकाळपासून पोटात काही नव्हतं. तिनं हात पुढे केला.

बाबांनी कटोरा मागे ओढला.

“बाबा!”

“हे मी मागून आणलंय. तुला हवं तर तूही तिच्याकडे जाऊन माग.”

हर्षलाचे डोळे भरून आले. थोडा रागही आला होता.

“तिनं मला पुन्हा मासळीच वाढली तर?”

“दुसरं माग.”

“आणि चिडली तर?”

“चिडू दे. माझ्यावर नव्हती का चिडली?”

ती उठली. पदराला डोळे पुसायची सवय नव्हती, म्हणून ओढणीनं पुसले. थोडं पुढं जाऊन थांबली.

“पण बाबा, एवढ्या सगळ्यानंतर... मी तिला म्हणू तरी काय?”

बाबांनी भाकरीचा तुकडा बिरड्यात बुडवला.

“म्हण, भूक लागलीय.”