मोरणीचे दोन घास

फार जुनी गोष्ट आहे, जनावरं एकमेकांशी मोकळेपणी बोलत तेव्हाची. धनगरांबरोबर मोरणी घोडी आणि तिचा धाकटा भाऊ रंगा डोंगर उतरून नदीकाठच्या गावी मुक्कामाला आले. गोठ्यातल्या गुलब्या बैलाने मोठ्या मनाने आपला हिरवागार लसूणघास पाहुण्यांपुढे सारला.

रंगा त्यावर तुटून पडला. मोरणीने मात्र दोनच घास घेतले आणि ती डोंगरावरून आणलेलं वाळलं गवत खाऊ लागली.

गुलब्याला वाईट वाटलं. "आमच्या चाऱ्यात काही खोट आहे का, बाई?"

"नाही हो, दादा. पण आमच्या पोटाला वाळल्या गवताचीच सवय. तुम्ही खाल्लेलं पुन्हा तोंडात आणून चघळता. आमचं एकदा आत गेलं की वर येत नाही. नव्या चाऱ्याची ओळख पोटाला हळूहळूच करून द्यावी लागते."

भुकेने तिच्या बरगड्या दिसत होत्या. तरी ती पुन्हा वाळल्या गवताकडेच वळली, हे गुलब्याने पाहिलं.

सकाळी रंगाच्या पोटात कळा उठल्या. तो सारखा कुशीकडे वळून बघे, जमिनीवर लोळू पाही. मोरणी खांद्याला खांदा लावून त्याला चालवत राहिली. ऊन डोक्यावर आलं, तेव्हा कुठे त्याचं पोट मोकळं झालं.

त्या दिवसापासून गुलब्या दोघांपुढे आधी वाळलं गवत सारी आणि मग थोडा हिरवा चारा, रोज जरा जास्त. वासरांना तो सांगे, "रिकाम्या पोटी हिरव्या चाऱ्यापुढे थांबणं मला जमलं नसतं. त्या घोडीला जमलं."