वैदेही दाराबाहेर थांबली

एकदा एका वृद्ध डॉक्टरांच्या हाताखाली वैदेही नावाची शिष्या शिकत होती. स्वमग्न, म्हणजे ऑटिझम असलेल्या, व्यक्तींना समजून घेण्यात डॉक्टरांची हयात गेली होती आणि वैदेहीनेही ती विद्या मनापासून आत्मसात केली होती. निनाद हा स्वमग्न तरुण रुग्णालयात आला की सगळे तिच्यावरच विसंबत. अचानक झालेला स्पर्श, यंत्रांची घरघर त्याला असह्य होई. पण ती शेजारी असली की तो निभावून नेई.

पुढे निनादची दाढ सुजली. त्याच्या आईने, सुलभाताईंनी, वैदेहीला बोलावलं. डॉक्टर म्हणाले, "आधी दातांच्या विभागातल्या दंतवैद्यांना आणि नर्सना तुला येतं ते शिकव. उपचाराच्या दिवशी तू मात्र आत जायचं नाहीस."

वैदेही दुखावली. "सर, ऐनवेळी काही बिनसलं तर?"

"आणि तू गावाला गेलेली असलीस तर? त्याने कळा सोसत बसायचं का?" डॉक्टर शांतपणे म्हणाले. "तुझ्यावाचून त्याचं अडतं, याचा तुला अभिमान वाटतो. मला त्याचीच काळजी वाटते. विद्या एकाच माणसापाशी राहिली, तर ज्याच्यासाठी ती मिळवली तोच तिच्यापायी अडकून पडतो."

वैदेही निमूटपणे शिकवायला लागली. हात लावण्यापूर्वी सांगावं, प्रखर दिवा वळवावा, उत्तराची वाट पाहावी. आणि तो 'थांबा' म्हणाला, तर खरोखर थांबावं.

त्या दिवशी ती दाराबाहेर बसली. आतून निनादचा आवाज आला, "नको. थांबा."

ती ताडकन उठली. शेजारी बसलेल्या डॉक्टरांनी नुसती नकारार्थी मान हलवली. आतलं यंत्र बंद झालं. दंतवैद्य म्हणाले, "थांबलो. हा आरसा तुम्हीच धरा. तुम्ही म्हणाल तेव्हा सुरू करू."

यंत्र बराच वेळ बंदच राहिलं. मग निनाद म्हणाला, "आता करा."

काम आटोपल्यावर तो बाहेर आला आणि वैदेहीकडे न पाहताच जिना उतरू लागला. त्याच्यामागून बाहेर आलेल्या सुलभाताई मात्र थबकल्या.

"माझ्यामागे ह्याचं कसं होईल, या विचाराने जीव अर्धा व्हायचा," त्या डोळे पुसत म्हणाल्या. "आज आतली सगळीच माणसं आपली वाटली."

त्या गेल्यावर वैदेही डॉक्टरांसमोर वाकली.

"सर, मला आत जाऊ दिलं नाहीत, फार उपकार झाले," ती म्हणाली. "उद्या डोळ्यांच्या विभागात शिकवायला जाऊ?"