चोकला लावलेला चिमटा

"चावी माझ्या हातात हाय, उस्ताद, अन् इंजिन तिकडं चालूच! आता माणसानं करायचं तरी काय?"

शिद्राम ऐवळे धापा टाकत आला होता आणि चावी खरोखरच त्याच्या मुठीत होती.

घाटमाथ्यावर, पीराच्या चौथऱ्याला टेकून, बाबालाल मुलाणी लसूण सोलत बसले होते. त्यांनी मान वर केली. रस्त्यापलीकडं उभा असलेला जुना ट्रक अजून धडधडत होता. मग त्यानं गचके खाल्ले, एक काळा ढेकर दिला आणि गप झाला.

"झाला की बंद," उस्ताद म्हणाले.

"त्याच्या मर्जीनं झाला! माझ्या न्हवं."

खालच्या पेठेत पेट्रोलच्या गाड्यांचा उस्ताद म्हणजे बाबालाल, हे सगळ्या मुलखाला ठाऊक. म्हातारपणी गॅरेज पुतण्याला दिलं आणि ते इथं येऊन राहिले. पीराला दिवा लावायचा, येणाऱ्याजाणाऱ्या ड्रायव्हरांना पाणी द्यायचं, बस्स. शिद्राम त्यांच्याच हाताखाली शिकला. पुढं वर पठारावर स्वतःचं गॅरेज काढलं आणि मोठा झाला. मोठा म्हणजे किती? तर या घाटातून सदा जायचा-यायचा, पण इथं उतरून उस्तादांना सलाम करायला त्याला सवड मिळत नसे.

आज मात्र उतरला. न उतरून सांगतो कुणाला!

ट्रकमध्ये त्याची लेक बसली होती. हौसा. अंगाला हळद, कपाळाला मुंडावळ्या, भोवती सगळं वऱ्हाड. लग्न घाटाखालच्या गावात. सरकारी लिलावातून उचललेला हा पेट्रोलचा ट्रक म्हणजे शिद्रामचा जीव की प्राण. भावकीतल्यांनी सांगून पाहिलं, दुसरी गाडी ठरवू. यानं छाती फुगवली. "माझ्या लेकीचं वऱ्हाड दुसऱ्याच्या गाडीतनं जाईल व्हय?"

आता छातीतली ती हवा पार गेली होती. अलीकडच्या उतारावर त्यानं पाय उचलला, तर ट्रक हळू होईना. ब्रेक दाबला, तर मागून कुणीतरी ढकलावं तसा पुढंच रेटायला लागला. ब्रेकचे लायनर करपल्याचा वास नाकात बसला होता. आणि अजून घाट तर सुरूही झाला नव्हता.

वऱ्हाडाला त्यानं सांगितलं, रेडिएटरमध्ये पाणी घालायचंय. मग चाकांना दगड लावले.

"रेस कमीच हुईना, उस्ताद. पाय काढला तरी बोंबलतीया नुसती."

"काय काय केलंस?"

हा प्रश्न शिद्रामला आवडला. त्याच्या अंगात जरा बळ आलं. "केबल बदलली. ॲक्सिलेटरची स्प्रिंग नवी टाकली. कार्बोरेटर खोलून धुतला. खालची गास्केट बदलली, वाटलं हवा ओढत असंल. परत बदलली. पेट्रोलच्या गाडीचं मला कुणी शिकवायला नको, उस्ताद…"

तोंडातून गेलं खरं, पण त्याचं त्यालाच कसंतरी झालं.

उस्तादांनी सोललेला लसूण वाटीत टाकला. "बघू तरी."

ते उठले. शिद्रामच्या खांद्यावर हात ठेवून सावकाश रस्ता ओलांडू लागले. शिद्रामला वाटलं, म्हाताऱ्याला उचलून न्यावं. लग्नाची वेळ काय थांबणार होती?

ट्रकच्या फळीवरून त्याचा मेव्हणा ओरडला, "अवो दाजी, पाणी घालताय का हीर खणताय? आमच्यावाचून अक्षता पडतील की तिकडं!"

"धुरानं पोरीची हळद काळी झाली बघा," आतून एक बाई म्हणाली. सगळे हसले. शिद्रामही उसनं हसला.

त्यानं घाईनं बॉनेट उघडलं. उस्तादांनी मात्र तिकडं बघितलंच नाही. त्यांनी केबिनचं दार उघडून आत डोकावलं. चोकचा दांडा, गार इंजिन चालू करताना जादा पेट्रोलसाठी ओढायचा, तो अर्धा बाहेर ओढलेला होता. तो परत आत जाऊ नये म्हणून त्याच्या मानेत कपडे वाळत घालायचा चिमटा अडकवलेला.

"हे काय?"

"चिमटा."

"चिमटा मला दिसतो, लेका. धुणं वाळत घालतोस काय हितं?"

शिद्राम ओशाळला. "चोक आत घातला की बंद पडती."

"इंजिन तापल्यावर बी?"

"…व्हय."

"आणि म्हणून रेसचा स्क्रू पण आवळलास. मग चावी काढली तरी थांबंल कशी ती?"

"थोडासाच."

"कितीदा?"

शिद्राम बॉनेटकडं बघू लागला.

"कितीदा, शिद्राम?"

"मनात आलं की. जरा भ्या वाटलं की जरासा."

उस्ताद केबिनच्या पायरीवर टेकले. जसा काही दिवसभर वेळ पडला होता. "बंद पडली तर पडू दे की. त्यात काय एवढं?"

शिद्रामचा चेहरा खर्रकन उतरला. त्यानं मागं वऱ्हाडाकडं बघितलं आणि आवाज खाली आणला.

"पावसाळ्यात… मोठ्या वळणावर, चढाला, बंद पडली. गिअर बदलायला पाय काढला न् मेली. मागं सरायला लागली, उस्ताद. ब्रेक दाबला तर चाकं वल्या डांबरावरनं घसरत्यात. कठड्याला थडकून थांबली. शेजारी मालकीण व्हती. घरी जाऊस्तोवर तिच्या तोंडातनं शबुद फुटला न्हाई. तवापासनं मी तिला बंद पडू दिली न्हाई. एकदाबी न्हाई. मला लई भ्या वाटतं, उस्ताद. गाडीत बसलं की हात गार पडत्यात. कुणाला सांगू? पठारावर मलाच तर सगळी इचारत्यात."

उस्ताद पायरीवरून उठले. वाऱ्यानं बॉनेटचं झाकण कुरकुरलं.

"चालू कर," ते म्हणाले.

शिद्रामनं चावी फिरवली. ट्रक जागच्या जागी किंचाळायला लागला. मडगार्ड थरथरायला लागले, धूर निघाला, बाया पदर नाकाला लावून खोकू लागल्या. उस्तादांनी हवेच्या फिल्टरचं झाकण काढून बाजूला ठेवलं. कार्बोरेटरचं तोंड उघडं पडलं. उस्तादांनी आपला तळहात पसरला आणि तो त्या तोंडाकडं नेला.

शिद्राम केबिनमधून उडी टाकूनच आला. त्यानं उस्तादांचं मनगट पकडलं.

"नगं! बंद पडंल!"

उस्तादांनी नुसतं आपल्या मनगटाकडं बघितलं.

उस्तादांचा हात कधी कुणी धरला नव्हता. शिद्रामनं तर नाहीच नाही. त्याची बोटं आपोआप सुटली.

तळहात तोंडावर बसला. इंजिन गुदमरलं, सगळा ट्रक हादरला… आणि मेला.

इतकी शांतता झाली की आतल्या बांगड्यांचा आवाज ऐकू आला. शिद्राम डोळे मिटून उभा होता. उजवा पाय जमिनीवर दाबून धरला होता त्यानं, जणू तिथंच ब्रेक होता.

"मेली," उस्ताद म्हणाले. "आता सांग. काय झालं?"

"…काय न्हाई."

"तोंड दाबल्यावर मेली, म्हंजे दुसरीकडनं कुठनं हवा घेत न्हाई. गास्केट बरी हाय तुझी. उगाच बदललीस."

"मग रोग हाय कुठं?"

"तू दिसू दिलास तर दिसंल. काढ तो चिमटा. आणि स्क्रू सोड."

शिद्रामनं स्क्रू थोडा सोडला.

"आणखी."

आणखी सोडला.

"आणखी, लेका. काय जीव जातोय काय तुझा?"

खरं सांगायचं तर जातच होता. त्यानं दात आवळून स्क्रू सोडला, चोक आत ढकलला आणि गाडी चालू केली. इंजिन दोन घटका टिकेल असं वाटलं. पाय काढल्याबरोबर अडखळून बंद पडलं. पुन्हा चालू केली. पुन्हा पडली.

मागं हसणं-खिदळणं थांबलं होतं. फळीवरून हौसानं तोंड काढलं. "आबा, काय झालं वो?"

"काय न्हाई गं, पानी…"

उस्ताद त्याच्याकडं बघत होते. मग शिद्राम म्हणाला, "हौसे, गाडी बंद पडतीया."

"मग?"

"बघतूया."

"बघा की मग सावकाश," ती म्हणाली आणि मुंडावळ्या सावरत आत बसली. एवढंच. ना रडली, ना घाबरली. शिद्राम फळीकडं बघतच राहिला.

"कधी मरती ती? ध्यानात आलं?" उस्तादांनी विचारलं.

"पाय काढला की. नुसतं उभं ऱ्हायाची येळ आली की."

"मग नुसतं उभं ऱ्हाताना तिला पेट्रोल कुठनं मिळतं?"

गॅरेजात पाना धरायला शिकलेल्या पोरानंही उत्तर दिलं असतं.

"स्लो जेटमधनं," शिद्राम पुटपुटला.

"कवा काढून बघितलास?"

"काढायची गरजच कुठं पडली? गाडी बंदच पडत न्हवती की…" आपलंच बोलणं त्याच्या कानात शिरलं आणि त्यानं कपाळावर हात मारून घेतला.

जेट निघाला. इवलंसं पितळ, मधे सुईच्या टोकाएवढं भोक. शिद्रामनं ते आभाळाकडं धरून एक डोळा मिटला. पलीकडचं काही दिसेना. गच्च बुजलेलं. तो खिशातली बारीक तार काढायला लागला, तेव्हा उस्तादांनी मान हलवली.

"तार नको. भोक मोठं हुईल. फुंक."

त्यानं जेट ओठांत धरला. पेट्रोलची कडवट चव जिभेवर आली. कान भणभणेपर्यंत फुंकला. फुस्स करून काहीतरी सुटलं. परत आभाळाकडं धरला, तर भोकात निळा ठिपका. शिद्रामला हसावं की रडावं कळेना. एवढ्याशा कचऱ्यापायी त्यानं सगळा पावसाळा आणि सगळा हिवाळा जीव मुठीत धरून काढला होता.

जेट बसवला, फिल्टरचं झाकण लावलं, गाडी चालू केली. थोडा स्क्रू इकडं, थोडा तिकडं. चोक पूर्ण आत. शिद्रामनं भीत भीत पाय काढला.

इंजिन मऊ आवाजात चालत राहिलं. धूर नाही, आकांत नाही. त्यानं चावी फिरवून पाहिली. जागच्या जागी बंद. पुन्हा चालू.

"दाजी, झाली का न्हाई चालू?" मेव्हण्यानं वरून विचारलं. "का ढकलायला उतरू आमी?"

सगळे खो खो हसले. शिद्रामही हसला, मोकळा हसला. मग त्याची नजर समोर गेली. रस्ता पहिल्या वळणावरून खाली वाकून दिसेनासा झाला होता. हसू तिथंच विरलं. इंजिनचा आवाज त्याला फारच बारीक वाटायला लागला. आता मरेल… आता मरेल… त्याचा हात हळूच स्क्रूकडं गेला.

"एवढुशी वाढवतो, उस्ताद. नखभर. आजच्या दिसापुरती. लेक हाय गाडीत."

उस्ताद त्याच्या हाताकडं बघत होते.

शिद्रामचा हात तसाच अधांतरी राहिला. मग त्यानं तो मागं घेतला आणि सदऱ्याला पुसला. बॉनेट मिटलं. चाकांचे दगड काढून रस्त्याकडेला लोटले. केबिनमध्ये चढला, खाली उतरला आणि उस्तादांचे पाय धरले.

"एकच सांगा. घाटात बंद पडणार न्हाई न्हवं आता? तेवढं तुमच्या तोंडानं म्हणा. मग जातो."

"पडंल."

"आज?"

"आज, उद्या, कवातरी. मशीन हाय ते."

शिद्रामचा आवाज फाटला. "मग पोरीला घिऊन उतरू कसा मी?"

उस्तादांनी त्याला दंडाला धरून उठवलं. त्याच्या कपाळाला लागलेलं ग्रीस आपल्या लुंगीच्या टोकानं पुसलं.

"जी गाडी थांबतच न्हवती, तिच्यात पोरीला बसवून हितवर आलास, शिद्राम… तवा कुणाला इचारलंस?"