निळ्या माशाची उडी

गोष्टीतले प्राणी बहुधा जंगलात राहतात, पण मुलांनो, आपल्या गोष्टीतला निळा मासा काचेच्या समुद्रात राहत असे. किनाऱ्यावरच्या एका लहान गावात मथुराकाकू नावाच्या बाईंनी मत्स्यालय थाटले होते. तिथल्या सर्वांत मोठ्या टाकीत खारे पाणी होते, पांढरी वाळू होती आणि संथ डोलणारी जांभळी झुडपे होती. सकाळचे ऊन खिडकीतून पाण्यात उतरले की वाळूवर उजेडाची जाळी हलू लागे, आणि निळा मासा त्या जाळीवरून तासन्‌तास नुसता तरंगत राही. माशांना डोळे मिटता येत नाहीत, त्यामुळे हा स्वप्नेही उघड्या डोळ्यांनीच पाही. स्वप्न मात्र रोज एकच. आपल्याच रंगाचे कुणीतरी आपल्या शेजारून पोहते आहे.

कारण त्या एवढ्या मोठ्या पाण्यात तो होता आणि शंखात राहणारा एक म्हातारा खेकडा होता. तिसरे कुणी नव्हते. खेकड्याचा स्वभाव चांगला असला तरी त्याच्याबरोबर पोहता येत नाही.

एके दिवशी काकू एक निळी मासोळी घेऊन आल्या. निळा मासा आनंदाने गिरकी घेऊन वर गेला, पण काकूंनी तिला मोठ्या टाकीत सोडलेच नाही. शेजारच्या फळीवर दोन छोट्या टाक्या मांडलेल्या होत्या, एक अलीकडे, एक पलीकडे. त्यांत ना वाळू, ना झुडूप, लपायला तेवढा नळीचा एक तुकडा. काकूंनी मासोळीला अलीकडच्या टाकीत सोडले. तिच्या निळ्या अंगावर रव्याचे कण चिकटावेत तसे पांढरे ठिपके होते.

"ती इकडे का येत नाही?" माशाने विचारले.

"आजारी आहे ती. तिच्या अंगात किडे शिरलेत," खेकडा म्हणाला. "बारा दिवस तिकडेच राहील. दर तिसऱ्या दिवशी काकू तिला या टाकीतून त्या टाकीत नेतील आणि रिकामी झालेली टाकी धुऊन उन्हात वाळवतील."

"आजाऱ्याला असं सारखं हलवायचं? हा तर छळ झाला!"

"अरे, एकेक ठिपका म्हणजे एकेक किडा. तो पिकला की गळतो आणि तळाशी जाऊन निजतो. काही दिवसांनी जागा होतो, तेव्हा एकाचे शंभर झालेले असतात आणि सगळे मासा शोधत निघतात. त्यांना जाग येण्याआधी मासोळी तिथून गेलेली असली पाहिजे. तू येण्यापूर्वी या टाकीत एकोणीस मासे होते. काकूंनी एक नवा पाहुणा थेट आत सोडला. दिसायला अगदी लख्ख होता. महिन्याभरात एकही मासा उरला नाही. खेकड्यांना ते किडे लागत नाहीत, म्हणून मी उरलो. मला फार वाईट वाटलं होतं रे."

निळ्या माशाने मान डोलावली, म्हणजे सगळे अंगच डोलावले. पण एकटेपणात ऐकलेले अर्धेच लक्षात राहते.

काचेतून आवाज जात नाही. मात्र मासे तोंडाच्या हालचालीवरून बोलणे ओळखतात, त्यामुळे दोघांचे काही अडले नाही. मासोळी त्याला खऱ्या समुद्रातल्या गोष्टी सांगे. तिथे दुपारी शेकडो निळे मासे एकदम वळतात आणि वळताना कुणीही कुणाला धडकत नाही. निळ्या माशाला हे ऐकता ऐकता आपणही त्या घोळक्यात असल्यासारखे वाटे. तिसऱ्या दिवशी मासोळीच्या अंगावरचे बहुतेक ठिपके गेले आणि त्याच सकाळी काकूंनी तिला पलीकडच्या टाकीत नेले. आता मध्ये एक सबंध टाकी आली. तिचे तोंड त्याला नीट दिसेना. ते तीन दिवस त्याला तीन महिन्यांसारखे गेले. सहाव्या दिवशी ती पुन्हा अलीकडे आली, पुन्हा गप्पा झाल्या, आणि नवव्या दिवशी काकू पुन्हा जाळी घेऊन आल्या. मासोळी पलीकडे गेली.

काकू अलीकडची टाकी नेहमीसारखी लगेच धुणार होत्या. पण भर समुद्रातले स्वच्छ पाणी घेऊन येणारी होडी त्या दिवशी रखडली, म्हणून त्या घाईघाईने धक्क्यावर गेल्या. मोठ्या टाकीचे झाकण अर्धे उघडेच राहिले.

"एक उडी मधल्या टाकीत, दुसरी पलीकडच्या टाकीत," निळा मासा म्हणाला.

"मधल्या टाकीत ते निजलेत!" खेकडा ओरडला.

"कोण निजलंय? पाणी तर नितळ दिसतंय. आणि तिच्या अंगावर एक ठिपका राहिलेला नाही."

"अंगावर नाही म्हणूनच तळाला आहेत, वेड्या! शेवटचे दोन-चार तरी गळलेच असतील. तीन दिवस राहिले आहेत, फक्त तीन!"

पण ज्याला तीन दिवस नको असतात, त्याला 'फक्त' ऐकूच येत नाही. निळ्या माशाने तळापासून वेग घेतला आणि उडी मारली.

पहिली उडी झकास झाली. दुसरी काही होईना. छोट्या टाकीत वेग घ्यायला जागाच नव्हती. तीनदा त्याने काचेवर डोके आपटून घेतले आणि मग नळीच्या तुकड्याशी दमून बसला. मासोळी आता एका काचेच्या अंतरावर होती. ती हरखून जाईल असे त्याला वाटले होते. ती घाबरून म्हणाली, "तू तिथे का आलास? निघ आधी तिथून!" पण निघणार कसा? दुपार झाली. पाणी इतके शांत होते की त्याला गोड गुंगी आली, आणि त्याच गुंगीत त्याच्या खाली, तळाला निजलेले एकेक करून जागे होत गेले.

संध्याकाळी काकू परतल्या आणि कपाळावर हात मारून उभ्याच राहिल्या. "अगो बाय! मेल्या, तू इथं कसा आलास?" त्यांनी त्याला जाळीत उचलले. आता आपण घरी जाणार, असे निळ्या माशाला वाटले. मोठ्या टाकीपाशी काकूंचा हात थबकला. "नाही रे बाबा. ती चूक मी एकदा केलीय," त्या म्हणाल्या, आणि त्यांनी माळ्यावरून तिसरी टाकी काढली.

तीन दिवसांनी त्याच्या अंगावर ठिपके उगवले, मासोळीला होते त्याहून कितीतरी जास्त. अंगाला खाज सुटली. खाणे नकोसे झाले. श्वास असा धापेने चाले की खेकडा काचेपाशी बसून तो मोजत राही. खरे सांगतो मुलांनो, हा वाचेल असे काकूंनाही वाटत नव्हते.

त्याच दिवशी मासोळीचे बारा दिवस पुरे झाले आणि काकूंनी तिला मोठ्या टाकीत सोडले. वाळू, झुडपे, उजेडाची जाळी, सगळे तिची वाट पाहत होते. तिने कशाकडेही पाहिले नाही. ती थेट त्याच्याजवळच्या काचेशी आली.

"इकडे ये ना," निळा मासा म्हणाला. "मला भीती वाटते. एकच उडी मार. मीसुद्धा मारली होती."

मासोळी म्हणाली, "नाही येणार. मी आले तर तुझे किडे मला लागतील, आणि मग इथे तुझी वाट पाहायला कुणीच उरणार नाही."

निळ्या माशाला फार राग आला. त्याने तिच्याकडे पाठ फिरवली. तुम्हीही फिरवली असती. पण मासा किती वेळ पाठ फिरवून राहणार? तो वळला तेव्हा ती तिथेच होती. दुसऱ्या दिवशीही होती. काकू त्याला या टाकीतून त्या टाकीत नेत, आणि तो जिथून दिसेल त्या कोपऱ्यात मासोळी जाऊन थांबे. खाण्यापुरते दोन घास घेऊन पुन्हा काचेशी येई.

हळूहळू ठिपके गळाले. श्वास सावकाश चालू लागला. त्याच्या बारा दिवसांपैकी नववा उजाडला तेव्हा निळा मासा असा चमकत होता की काकूंनाच मोह झाला. त्या जाळी हातात घेऊन म्हणाल्या, "काय रे, बरा दिसतोस की! सोडू का आजच तुला तिच्याकडे?"

निळ्या माशाने जाळीकडे पाहिले. काचेपलीकडे थांबलेल्या मासोळीकडे पाहिले. मग तो गुपचूप नळीच्या तुकड्यात शिरला आणि काकूंनी किती चुचकारले तरी बाहेर आला नाही.

"शहाणा झालास," काकू हसून म्हणाल्या आणि त्यांनी जाळी खाली ठेवली. मोठ्या टाकीत मासोळीने हे सगळे पाहिले, आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदाच ती काचेपासून दूर गेली व पोटभर जेवली.

तात्पर्य : दुखणे दिसेनासे झाले म्हणजे ते संपलेच असे नाही, म्हणून ठरलेले दिवस पुरे करावेत, आणि आपल्या जिवलगासाठी कधी धावत जावे लागते, तर कधी दूर थांबावे लागते.