राजाने टांगलेली सुपे

पूर्वी वेणुपुरात पद्मकेतू राजाचे राज्य होते, त्या काळी बोधिसत्त्व एका बुरुडाच्या घरी जन्माला आला. नाव भद्रक. तो बांबूची सुपे विणी. त्याचे सूप झटकले की कोंडा उडून जाई आणि घोळले की खडे मुकाट्याने एका कडेला येऊन बसत.

राजाने एकदा ते सूप पाहिले आणि तो हरखून गेला. विभूषण नावाचा त्याचा एक मंत्री होता. राजा हरखला की हाही हरखत असे, थोडा जास्तच. तो म्हणाला, "महाराज, एवढी देखणी कला, आणि बायका तिला सकाळ-संध्याकाळ बडवतात! अशाने ती किती दिवस टिकणार?"

राजाला ते पटले. नगरातील सगळी सुपे गोळा करून राजवाड्याच्या एका दालनात टांगण्यात आली. त्यांना हार घातले, धूप दाखवला. सूप वापरणाऱ्याला आणि वापरासाठी विणून देणाऱ्याला हद्दपारीची शिक्षा ठरली. भद्रकाला राजशिल्पी नेमून रेशमी शाल दिली. काम एवढेच, की पाहुणे आले की दालनात बसून बांबूच्या कामट्या तासून दाखवायच्या आणि पाहुणे गेले की थांबायचे.

चार महिन्यांनी इंदुमाय नावाची म्हातारी त्याला शोधत तिथे आली. लोकांचे भात कांडून, पाखडून ती पोट भरीत असे.

"लेकरा, परातीत पाखडायला गेले, तर कोंडा माझ्याच डोळ्यांत आला अन् तांदूळ शेजारणीच्या अंगणात गेला. एकेक करून सगळी घरं सुटली. दोन दिवस झाले, चूल पेटली नाही बघ."

बोधिसत्त्वाला ती शाल आवडत होती, हे लपवण्यात अर्थ नाही. शिवाय हद्दपारी म्हणजे बायको-लेकीला घेऊन रानात राहायला जायचे. पण इंदुमायचे सुकलेले तोंड पाहून त्याला फार वाईट वाटले. त्याने शालीची घडी करून बाजूला ठेवली आणि तिथेच, पाहुण्यांच्या देखत, सूप विणून तिच्या हाती दिले. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना तो कार्यक्रमाचा भाग वाटला.

विभूषणाला मात्र तसे वाटले नाही. त्याने दोघांना राजापुढे नेऊन उभे केले. राजा जेवत होता. "हद्दपार," असे म्हणून त्याने घास घेतला आणि कटकन आवाज झाला. राजाने तोंडातून आधी खडा काढला, मग दात.

"माझ्या भातात खडा?"

आचारी हात जोडून म्हणाला, "महाराज, सुपं आपल्या दालनात. निवडायला माझे डोळेच उरलेत, अन् ते आता साठीचे झालेत."

इंदुमायने कुणाला विचारले नाही. कोठीतले तांदूळ नव्या सुपात घेऊन तिने घोळले. ओंजळभर खडे निघाले. राजा ओशाळला, पण हट्ट सोडीना.

"दात गेला तरी चालेल! त्या सुपांत देवत्व आले आहे. रोज त्यांतून पिवळा अंगारा झरतो."

तो अंगारा राजाच्या कपाळावर होता, साऱ्या दरबाराच्या कपाळावर होता. विभूषणाने तर गळ्यालाही लावला होता.

बोधिसत्त्व शांतपणे म्हणाला, "महाराज, तो अंगारा नव्हे. भुंगेरे बांबू कोरतात, त्याचा भुसा आहे."

दरबार उपरण्याने कपाळे पुसू लागला. भद्रकाने टांगलेले एक सूप मागवले आणि अंगठ्याने दाबले. हार हातात राहिला, सुपाचा चुरा झाला.

"रोज झटकलेल्या सुपात कीड बसत नाही, महाराज. ते झिजते, आणि झिजले की लोक नव्यासाठी माझ्या दारी येतात. शेजारी बसून माझी लेक विणायला शिकते. चार महिने झाले, ती एकही सूप विणायला बसलेली नाही. तुम्ही सुपे जपलीत, पण विणणारे हात थांबवलेत."

राजाने आपलेही कपाळ पुसले. मग त्याने शिक्षा मागे घेतली, धड उरलेली सुपे घरोघरी परत पाठवली आणि आपल्या मुदपाकखान्यासाठी एक नवे विणायला सांगितले. ते येईपर्यंत तांदूळ निवडायचे काम विभूषणाला मिळाले. शाल तेवढी परत करावी लागली. बोधिसत्त्वाने ती जरा सावकाशच दिली.

ही कथा शास्त्यांनी, म्हणजे भगवान बुद्धांनी, सुमुख नावाच्या भिक्षूला सांगितली. एका कुंभारणीने त्याला सुंदर भिक्षापात्र दिले होते. फुटेल म्हणून त्याने ते तीन कापडांत गुंडाळून ठेवले आणि पानावर भिक्षा घेऊ लागला. आमटी रोज कोपरापर्यंत ओघळे. ती कापडे त्याला धम्मिल भिक्षूने पुरवली होती.

शास्ते म्हणाले, "तेव्हाचा राजा तू, सुमुखा. विभूषण म्हणजे हा धम्मिल. इंदुमाय म्हणजे ती कुंभारीण, आणि भद्रक मी स्वतः. तेव्हा मी जे आचरले, ती प्रज्ञेची साधना."

दुसऱ्या दिवशी सुमुख पात्र घेऊन कुंभारणीच्या दारी उभा राहिला. तिने गरम पेज ओतली आणि खाली वाकून पात्राचे बूड पाहिले.

"इतके दिवस आणलं नाहीत. मला वाटलं, गळतंय," ती म्हणाली, आणि पदराने डोळे पुसून तिने आणखी एक पळी वाढली.