मुंजाजीनं फराळ वाटला

बोरटेंभी नावाच्या गावात मुंजाजी नावाचा एक माणूस राहायचा. वय तिशीच्या पुढचं, अंग पैलवानाचं, आणि मन इतकं भोळं की कुणी ‘जरा थांब’ म्हटलं तर ‘किती जरा?’ असं विचारून तिथंच उभा राहायचा. मग तो ‘थांब’ म्हणणारा घरी जाऊन, जेवून, झोपून उठला तरी हा आपला उभाच. सांगितलेलं काम करायचं, पण सांगितलं तस्संच करायचं, असा त्याचा बाणा होता. माणूस वाईट म्हणाल तर मुळीच नाही. वाईट असता तर परवडला असता.

गावाबाहेर एक वीटभट्टी होती. भट्टीवर लांबून लांबून आलेली माणसं विटा पाडायची. त्यांची चाळीस पोरं तिथल्या मातीतच खेळायची. गावात दिवाळी आली की ही पोरं भट्टीच्या ढिगावर चढून लांबून आकाशकंदील मोजायची. बस्स, तेवढीच त्यांची दिवाळी. एकदा मुंजाजी तिथून चालला होता, तर ठकी नावाच्या सहा वर्षांच्या पोरीनं त्याला अडवलं.

“मामा, दिवाळी आमच्याकडं का येत नाही?”

मुंजाजीनं खूप विचार केला. मग म्हणाला, “तिला रस्ता माहीत नसेल. मी घेऊन येतो.”

आणि तो तडक वारकड गुरुजींच्या ओट्यावर जाऊन बसला. गुरुजी शाळेतून निवृत्त झालेले, गावात कुठलंही चांगलं काम असलं की पुढं. “गुरुजी, ठकीला कबूल करून आलोय. दिवाळी भट्टीवर न्यायची,” मुंजाजी म्हणाला. गुरुजींच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. एवढं साधं आपल्याला कसं सुचलं नाही, असं त्यांना झालं. त्यांनी दुकानादुकानांतून फिरून सगळ्यांना गळ घातली. कापडवाल्यानं कपडे कबूल केले, वह्या-पुस्तकांच्या दुकानवाल्यानं आकाशकंदील, भुजंगराव सलूनवाल्यांनी चाळीस डोक्यांची फुकट हजामत. आणि बचत गटाच्या अनसूयाकाकूंनी सांगितलं, “फराळ आमच्याकडं लागला.”

आता हे सगळं आणायचं कुणी? ऐन दिवाळीत दुकानदारांना मान वर करायला फुरसत नाही. गावात रिकामा माणूस एकच. कोण ते सांगायला नकोच.

धनत्रयोदशीला सकाळी गुरुजी म्हणाले, “मुंजा, कापडदुकानात जा आणि पोरांचे कपडे तेवढे गोळा करून आण.”

“गोळा करून?”

“हो, गोळा करून. आणि शाळेत घेऊन ये.”

मुंजाजी गेला. दुकानदारानं वीस नवेकोरे फ्रॉक आणि वीस सदरे काढून दिले. मुंजाजीनं एक सदरा चुरगाळला. त्यावर फ्रॉक गुंडाळला. त्यावर दुसरा सदरा, त्यावर आणखी एक फ्रॉक. बाह्यांच्या गाठी मारल्या, नाड्या करकचून आवळल्या. चाळिसावा कपडा चढला तेव्हा गोळा त्याच्या कमरेपर्यंत आला होता. उचलवेना, म्हणून त्यानं तो बाजारातून ढकलत ढकलत आणला. वाटेत धूळ होती, शेण होतं, भजीवाल्यानं ओतलेलं पाणी होतं. गोळ्यानं कुणाला नाही म्हटलं नाही.

गुरुजी शाळेच्या पायरीवर उभे होते. “हे काय आहे?”

“गोळा. तुम्हीच म्हणालात, गोळा करून आण. चांगला घट्ट झालाय, बघा.”

“अरे देवा! मुंजा, नवी वस्तू अशी आणतात होय? तिची व्यवस्थित घडी घालायची, दाबून बसवायची, काखेत मारायची आणि यायचं!”

“आधी सांगायचं की, गुरुजी! आता नाही विसरणार.”

आणि खरंच, तो विसरला नाही. विसरला असता तर बरं झालं असतं.

गुरुजी बिचारे विहिरीवर बसून चाळीस कपडे धुवायला लागले. मुंजाजी पुस्तकांच्या दुकानात गेला. तिथं आठ आकाशकंदील तयार होते. दुकानदाराच्या दोन्ही मुलींनी पंधरा दिवस खपून चांदण्या केल्या होत्या. बांबूच्या काड्या, रंगीत कागद, खाली झिरमिळ्या. असे देखणे की बघत राहावं.

मुंजाजी म्हणाला, “वस्तू नवी आहे ना?”

“कोरी करकरीत!” दुकानदार कौतुकानं म्हणाला.

मुंजाजीनं पहिला कंदील मांडीवर घेतला आणि घडी घातली. काड्या कडाकडा मोडल्या. दुसऱ्याची घडी बसेना, म्हणून गुडघा लावला. तिसऱ्यावर तर तो बसलाच. दुकानदाराच्या धाकट्या मुलीनं भोकाड पसरलं. मुंजाजीनं तिची समजूत काढली, “रडू नको बाय, अजून पाच आहेत.” मग आठ घड्या काखेत मारून तो विहिरीवर आला.

गुरुजींच्या हातातला साबण सटकून विहिरीत पडला.

“मुंजा! कंदील कुणी दुमडतं का रे? तो दोन्ही हातांनी वर उचलायचा! जमिनीला टेकू द्यायचा नाही, कशाला धक्का लागू द्यायचा नाही, डोक्याच्या वर धरून अल्लाद आणायचा!”

“आधी सांगायचं की, गुरुजी! आता नाही विसरणार.”

दुपार झाली. गुरुजी म्हणाले, “जाऊ दे. कंदील नाही तर नाही. आता भुजंगरावांना भट्टीवर घेऊन जा, पोरांचे केस तरी कापून होऊ देत.” पाठोपाठ ते स्वतःही निघाले. माणूस आणायचाय, माणसात हा काय गोंधळ घालणार, असं त्यांना वाटलं. गुरुजीही तसे भोळेच म्हणायचे.

भुजंगराव म्हणजे अवाढव्य माणूस. सलूनच्या खुर्चीत गिऱ्हाईक मावतं, हे मावत नाहीत. कात्री-कंगव्याची पिशवी घेऊन ते दारात उभे होते. मुंजाजी आला.  खाली वाकला, भुजंगरावांना दोन्ही हातांनी धरलं आणि हिसडा मारून डोक्याच्या वर घेतलं.

“अरे ए! उतरव! उतरव म्हणतो ना!”

“टेकवायचं नाही, असं सांगितलंय.”

“कुणी सांगितलंय?”

“गुरुजींनी. हलू नका, धक्का लागेल.”

अशी ती वरात बाजारपेठेतून निघाली. वाणी तराजू टाकून बाहेर आला. रस्त्यावर आडव्या बांधलेल्या पताका भुजंगरावांच्या गळ्यात अडकल्या, त्या तशाच बरोबर आल्या. भट्टीवर पोहोचल्यावरसुद्धा मुंजाजी त्यांना खाली ठेवेना. शेवटी गुरुजींनी ओरडून सांगितलं तेव्हा भुजंगरावांचे पाय जमिनीला लागले. पोरं हसून हसून मातीत लोळत होती.

भुजंगरावांचा चेहरा लालबुंद झाला होता. त्यांनी मुंजाजीला चांगलं फैलावर घेतलं. “गाढवा, ज्याला न्यायचंय त्याच्यासमोर आधी हात जोडायचे! ‘चला’ म्हणायचं! आणि आपण पुढं चालायला लागायचं. तो येतो आपला मागून!”

“आधी सांगायचं की, भुजंगराव! आता नाही विसरणार.”

भुजंगराव मनानं मोठे. रागारागानं का होईना, त्यांनी चाळीसच्या चाळीस डोकी भादरली. गुरुजींनी कपडे वाळवून, घड्या घालून, भट्टीवर नेऊन वाटले. तेव्हा मुंजाजीला त्यांनी मुद्दाम झाडाखाली बसवून ठेवलं होतं.

राहता राहिला फराळ. आणि खरं सांगायचं तर पोरांचा सगळा जीव त्या फराळातच अडकला होता. चकली, करंजी, लाडू ही नावं त्यांनी ऐकली होती. तोंडात कधी पडली नव्हती. ठकीनं तर संध्याकाळी जेवायलाच नकार दिला. उद्यासाठी पोटात जागा ठेवायची म्हणाली. ते ऐकून गुरुजींनी आभाळाकडं हात जोडले. हा फराळ तरी धडपणे पोचव रे बाबा, असं ते देवाला म्हणाले.

दुसऱ्या दिवशी पहिली आंघोळ. सकाळी गुरुजींनी मुंजाजीला अनसूयाकाकूंकडं पाठवलं. ओसरीवर तीन मोठे डबे भरून तयार होते. एकात चकल्या आणि चिवडा, दुसऱ्यात करंज्या आणि शंकरपाळे, तिसऱ्यात बेसनाचे लाडू. बचत गटाच्या बायका चार दिवस तळणाच्या धुरात उभ्या होत्या.

“ने बाबा सांभाळून,” म्हणून काकू आत चहा टाकायला गेल्या.

मुंजाजीनं तिन्ही डब्यांना हात जोडले. “चला,” म्हणाला. आणि पुढं चालायला लागला.

शाळेत गुरुजी वाट बघत होते. “मुंजा, डबे कुठं आहेत?”

“येताहेत मागून.”

“कुणाबरोबर?”

“तिघं आहेत की. एकमेकांना सोबत आहे.”

गुरुजी धोतर सावरत असे धावले, असे धावले, की साठी उलटलेला माणूस एवढा पळू शकतो हे गावाला त्या दिवशी कळलं. डबे ओसरीवर होते तिथंच होते. एक शेळी झाकण चाटत उभी होती. काकू चहाचा कप घेऊन दारात आल्या आणि म्हणाल्या, “गुरुजी, तुमचा माणूस डब्यांना नमस्कार करून गेला हो. मला वाटलं, भाविक दिसतोय.”

गुरुजींनी शेळी हाकलली आणि मुंजाजीला समोर बसवलं. “नीट ऐक. काम अंगावर घेतलं की अर्धवट सोडून जायचं नाही. स्वतःच्या हातानं करायचं, पुरं होईपर्यंत हात थांबवायचा नाही. समजलं?”

“आधी सांगायचं की, गुरुजी! आता नाही विसरणार.”

मग गुरुजींनी आणि मुंजाजीनं मिळून डबे भट्टीवर नेले. पोरं न्हाऊनमाखून, नवे कपडे घालून ओळीत बसली होती. नाकं वर करून वास घेत होती. तेवढ्यात निरोप आला, दुकानदार मंडळी आणि काकू पोरांचा आनंद बघायला निघालेत, पण वाट चुकून भलतीकडंच गेलेत. गुरुजींना त्यांना आणायला जाणं भाग होतं. पोरांना आणखी ताटकळत ठेवणं त्यांच्या जिवावर आलं. ते म्हणाले, “मुंजा, मी येईपर्यंत एवढा फराळ वाटून टाक.”

“सगळा?”

“सगळा. डब्यात कण ठेवू नको. आणि एकसारखा वाट हं! एकाला मोठा लाडू, दुसऱ्याला बारका, असं झालं तर पोरं रुसतील.”

गुरुजी गेले. मुंजाजीनं इकडंतिकडं पाहिलं आणि ठकीच्या आईला हाक मारली. “बाई, पाटा-वरवंटा आहे का? गुरुजींनी वाटायला सांगितलंय.”

तिला वाटलं, चटणी वाटायची असेल. तिनं पाटा धुऊन दिला आणि ती विटांकडं गेली.

मुंजाजीनं बाह्या सारल्या. पहिली चकली पाट्यावर ठेवली आणि वरवंटा फिरवला. करर्र! दुसरी चकली. करर्र! मग मूठभर चिवडा, त्यात दोन करंज्या. करंजी फुटली, आतलं खोबरं बाहेर आलं, तेही गेलं. शंकरपाळे जरा कडक होते, त्यांना जोर लावावा लागला. लाडवांनी मात्र काही त्रास दिला नाही.

आता तुम्ही म्हणाल, पोरं रडली असतील. मुळीच नाही! त्यांनी दिवाळी पाहिली होती कधी? त्यांना वाटलं, दिवाळीत असंच करत असतील. ती टक लावून बघत राहिली. थोड्या वेळानं ठकी पुढं सरकली.

“मामा, मला पण वाटू दे की.”

“ये. पण एकसारखं हं.”

मग काय विचारता! चाळीस पोरांनी पाळी लावली. एकानं करंजी ठेवायची, दुसऱ्यानं वरवंटा ओढायचा, तिसऱ्यानं हातानं गोळा झालेलं परातीत सारायचं. सारता सारता बोटं चाटायची. गोड लागायचं, तिखट लागायचं, मध्येच मिरचीचा तुकडा लागायचा आणि पोरगं हा-हू करत उड्या मारायचं. ते बघून बाकीचे फिदीफिदी हसायचे. तिन्ही डबे वाटून झाले तोवर चाळीस पोरांच्या मिशा पिवळ्या झाल्या होत्या आणि परातीत फराळाचा ढीग लागला होता, एकसारखा, मऊसूत.

गुरुजी मंडळींना घेऊन आले ते हे बघायला. दुकानदार जागच्या जागी थिजले. गुरुजी मटकन विटांवर बसले. त्यांना वाटलं, गेली पोरांची दिवाळी, आपल्या एका शब्दानं गेली.

तेवढ्यात ठकी धावत आली. तिनं मुठीतला चुरा गुरुजींच्या हातावर ठेवला. “गुरुजी, खा ना. मी वाटलाय. आमच्याकडं आली दिवाळी!”

गुरुजींनी तो तोंडात टाकला आणि रडावं की हसावं त्यांना कळेना. मग ते हसले, मग भुजंगराव पोट धरून हसले, मग सगळे दुकानदार. कापडवाला तर परातीपुढं जाऊन पोरांच्या रांगेतच बसला.

हसल्या नाहीत त्या एकट्या अनसूयाकाकू. चार दिवस कढईपुढं उभं राहून एकेक काटेरी चकली पाडली होती त्यांनी. कमरेवर हात ठेवून त्या मुंजाजीपुढं उभ्या राहिल्या.

“मेल्या, माझ्या सोन्यासारख्या फराळाचं पीठ केलंस! लाज नाही वाटली तुला?”

मुंजाजी दचकला. गुरुजींनी बजावलं होतं, कण ठेवायचा नाही. त्यानं घाईघाईनं पहिला डबा उलटा करून पाहिला. दुसरा पाहिला. तिसऱ्यात तर डोकंच घातलं. मग ओशाळून पुन्हा पाट्याशी बसला आणि वरवंटा हातात घेत म्हणाला,

“नाही वाटली, काकू. राहिलीच. कुठं ठेवलीय, द्या इकडं, आत्ता वाटतो!”